नवसाचे चाळीस पत्रे

नवस बोलताना सी.ए.ला विचारून बोलायची पद्धत आपल्याकडं नाही. असती तर मला तीन वर्षं बिनसाखरेचा चहा प्यावा लागला नसता.

पालमला आमचं मंगल कार्यालय आहे. एका वैशाखात तिथं लग्न चालू होतं. मंगलाष्टकं संपत आलेली, लोकांच्या मुठीत अक्षता, आणि एकदम वावटळ उठली. वरचे लोखंडी पत्रे थाळ्या बडवल्यासारखे वाजायला लागले. नवरीच्या बरोबर डोक्यावरच्या पत्र्याचा कोपरा उचलला गेला आणि फटीतून आभाळ दिसलं. खाली पाचशे माणूस. मी खांबाला धरून मनातच म्हटलं, महादेवा, आज एकाच्याही डोक्याला खोक पडू देऊ नको. हे जुनं छत उतरवते. त्यातला एकही पत्रा भंगारात घालणार नाही, ज्याच्या डोक्यावर धड छत नाही त्याला देईन. आणि शेवटचा पत्रा कुणावर तरी चढेपर्यंत चहात साखर घेणार नाही.

वारं पडलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. म्हणजे नवस पक्का झाला.

त्या छतापायी जे जे घडलं ते आता माझ्याकडं साठून राहिलंय. कार्यालयाच्या मागच्या अंगणात जुनं सामान साठतं ना, तसंच. एक काढायला जावं तर त्याच्यात अडकलेले चार बाहेर येतात. दमले आहे खरं, पण बसा, सांगते.

*

आमच्या ह्यांना टाकणं ठाऊक नाही. निघालेली वस्तू हातात घेतात, उलटीसुलटी करतात आणि म्हणतात, "असू द्या, लागतंय."

आमचा टॅक्सचा हिशेब मेघा मॅडम बघतात. झरीच्या शेतकऱ्याची लेक, सी.ए. होऊन परभणीत नुकतंच स्वतःचं ऑफिस टाकलेलं. मला काकू म्हणते. कार्यालयात काय काय बदललं, काय काढलं, याची यादी करायला ती एकदा स्वतः आली. हातात वही, डोळ्यांवर चष्मा.

तिनं विचारलं, जुना मोठा दरवाजा कुठाय? ह्यांनी बोट दाखवलं. आचाऱ्यानं तो चार डब्यांवर आडवा टाकलेला आणि त्याच्यावर पोळ्या लाटणं चाललेलं. जुनं बेसिन? त्यात माझ्या दिराची म्हैस पाणी पीत होती. जुन्या खिडक्या? त्या तुळशीभोवती उभ्या होत्या, शेळ्या तोंड घालतात म्हणून.

मॅडमनं पेनाचं टोपण लावलं. "काका, तुमच्या इमारतीत मेलेलं काहीच नाही का हो?"

"मरू देत नाही आम्ही," हे म्हणाले. अभिमानानं म्हणाले.

*

छत बदलायचं ठरलं तेव्हा मॅडमनं आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. जुन्या जागी, जुन्याच मापाचं, तसंच छत घातलं तर ती दुरुस्ती धरतात. सगळा खर्च त्याच वर्षीच्या कमाईतून वजा होतो आणि तेवढ्यावरचा टॅक्स वाचतो. तेच नवं बांधकाम धरलं तर दरसाल थोडं थोडं वजा होत राहणार. फक्त जुनं खरंच उतरलं आणि इमारतीतून गेलं, हे उद्या कुणी विचारलं तर दाखवता आलं पाहिजे. विकून काही आलं असेल तर तेही सांगायचं.

आम्हाला हा वाचणारा टॅक्स महत्त्वाचा होता. ह्यांचा उजवा गुडघा पार झिजलाय. नांदेडच्या डॉक्टरांनी बदलायलाच सांगितलेला. त्यासाठी एक एफडी बाजूला ठेवली होती, आणि टॅक्स वाचला नाही तर भरायला दुसरं काही नव्हतं. एफडीच मोडावी लागली असती. म्हणजे एका पारड्यात छत, दुसऱ्यात गुडघा.

ह्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "आणि माझा गुडघा? तोबी जुन्याच जागी, जुन्याच मापाचा बसवणारेत. ती दुरुस्तीच की."

"तो इमारतीत धरता येत नाही, काका."

"पंचवीस वर्षं कार्यालय ह्याच गुडघ्यावर उभं हाय."

मॅडम हसली. पण लिहून काही घेतलं नाही.

*

पत्रे उतरवायचा दिवस मी सोमवारच धरला. चाळीस पत्रे अंगणात पसरले. आम्ही लिंगायत, कपाळावर भस्माच्या तीन पट्ट्या ओढल्याशिवाय घरात चूल पेटत नाही. मी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा घेतला आणि प्रत्येक पत्र्यावर तशाच तीन पट्ट्या ओढल्या. चाळीस पत्रे, एकशेवीस पट्ट्या, कंबरेचं पाणी झालं. दत्ताभाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, मोबाईलवर व्हिडिओ काढला.

पट्ट्या देवासाठीच होत्या, पण थोड्या भाऊजींसाठीही होत्या. माणूस सोन्यासारखा, पण रस्त्यावर भंगारवाल्याची हाक आली की त्यांचे पाय आपोआप चपलेत जातात.

आणि झालं तसंच. चौथ्या दिवशी मी देवळातून आले तर अंगणात महेबूबभाई भंगारवाला उभा. भाऊजींनी गुपचूप बोलावलेला. तराजू लावलेला होता, कटर काढलेलं होतं, आणि महेबूबभाई मात्र पहिल्या पत्र्याकडं नुसता बघत राहिलेला.

"भाऊ, इसपो तो देव का निशान हय. मैं इसपो कटर नै चलाता. मेरे कू नक्को."

भाऊजींनी भाव कमी केला. महेबूबभाईनं तराजू आवरला. जाता जाता माझ्यापाशी थांबला, जरा लाजत म्हणाला की विकायला नको, पण घरी बकऱ्यांवर नुसतं ताडपत्रीचं छप्पर आहे, तेही फाटलंय. मी दोन पत्रे दिले.

भाऊजींना बोलायला जागा मिळाली. "वहिनी, भंगारात घालणार न्हाई म्हणालात, आणि भंगारवाल्यालाच दिलात?"

"भंगारात नाही, बकऱ्यांवर घातले," मी म्हटलं. बकऱ्यांनाही डोकी असतातच.

*

पुढं दर सोमवारी एकेक घर करत पत्रे जात राहिले. अडतीस गेले. उरलेले दोन मला कुठंच दिसेनात. शोधल्यावर सापडले ते आमच्याच कार्यालयात, मागं आचारी जिथं चुलाणं पेटवतात तिथं वर चढवलेले.

"आचाऱ्याच्या डोक्यावर छत नव्हतं की," भाऊजी म्हणाले. "तुमचा नवस पुरा झाला. टाका साखर."

मी पुष्कळ विचार केला. आचारी बिनछताचा होता हे खरं. पण तो आमच्या जागेत बिनछताचा होता, आणि छत आमचंच राहिलं. देवाला असलं चालतं का, हे विचारायचं कुणाला? मी साखरेचा डबा परत फळीवर ठेवला.

*

मग इन्कम टॅक्सची नोटीस आली.

पूर्वी म्हणे साहेब बोलवायचे, समोर बसवून विचारायचे. आता सगळं कॉम्प्युटरवर. कुणी विचारलं, कुठून विचारलं, काही कळत नाही. मॅडमनं सांगितलं की आता बिनचेहऱ्याची चौकशी असते. मला ते ऐकूनच धसका बसला. आपल्या महादेवालासुद्धा आपण पिंड दिली, डोळे रंगवले, रुद्राक्ष घातला. ज्याला तोंडच नाही त्याच्यापुढं हात जोडायचे कसे?

प्रश्न सरळ होता. छताचा सगळा खर्च दुरुस्ती म्हणून दाखवला, मग जुनं छत गेलं कुठं? विकून आलेली रक्कम शून्य कशी?

ह्यांनी नांदेडची ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली. मला बोलले नाहीत, पण काठी घेऊन अंगणात येरझाऱ्या घालायचे आणि वर नव्या छताकडं बघायचे.

चूक माझीच होती. पत्रे कुणाकुणाला दिले ते मी सांगितलंच नव्हतं. आमच्यात म्हणतात, दिलेलं बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं. ह्यांना एवढंच माहीत की "देऊन टाकले". तेच त्यांनी मॅडमला सांगितलं, आणि तिनं विवरणात लिहिलं की जुने पत्रे काढून टाकले. पुण्य राखायच्या नादात मी गुडघा घालवत होते.

परभणीला गेले, मॅडमपुढं बसले आणि पिशवीतून माझी नवसाची वही काढली. त्यात सोमवारनुसार नावं होती, कुणाला किती पत्रे तेही. शेवटी प्रत्येक ओळीत "चहा बिनसाखर". नंतर भाऊजींच्या मोबाईलमधला एकशेवीस पट्ट्यांचा व्हिडिओ दाखवला.

मॅडमनं तो दोनदा बघितला. "काकू, हे आधी का नाही दिलंत?"

"ते देवाचं होतं गं."

तिनं चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाली की तिच्या सगळ्या पक्षकारांत इतका चांगला पुरावा इतका लपवून ठेवलेली मी पहिलीच.

*

मग फोटो काढत फिरणं सुरू झालं. प्रत्येक पत्रा, त्यावरच्या तीन पट्ट्या, खाली घरमालक, आणि त्याची एक सही. बारा घरं. वय झालंय, उपास चालू आहेत, आणि एसटी तर तुम्हाला माहीतच आहे. कुणी शेतात गेलेलं, कुणी बाजारात. कुणाच्या पट्ट्या काजळीनं काळ्या झालेल्या, मग मीच ओला फडका घेऊन शिडीवर.

एका घरी गेले तर पत्राच नाही. बाई म्हणाली, लेकीचं लग्न झालं, तिच्या घराला पडवी नव्हती, तर आंदणात भांड्यांबरोबर पत्रा दिला. लेक गंगाखेडच्या पुढं एका वस्तीवर. दोन एसटी बदलून आणि शेवटी पायी चालत तिथं पोचले. जावईबापू पत्र्याखाली छाती काढून उभा राहिला. फोटो काढून झाल्यावर त्यानं दबकत विचारलं, "आंदणात काही कमी निघालं का हो?"

मी म्हटलं, नाही बाबा. नवरीच्या डोक्यावर वाजलेल्यांपैकी एक पत्रा शेवटी नवरीबरोबर सासरी गेला, एवढंच.

*

कागद जमत आले तेव्हा भाऊजींच्या त्या दोन पत्र्यांचा विषय निघाला. भाऊजी म्हणाले, चाळीसच्या चाळीस गेले असं लिहा. कुठल्या लांबच्या गावात बसलेल्या माणसाला चुलाणावरचे दोन पत्रे काय दिसणार?

ह्यांनी काठी जमिनीवर टेकवली आणि माझ्या कपाकडं बघितलं. "त्याला दिसणार न्हाईत. हिला दिसतात."

मॅडम म्हणाली, "काकू, नवसाचं मला कळत नाही. पण टॅक्सच्या हिशेबानं ते दोन पत्रे अजून घरातच आहेत. खर्चातला तेवढा भाग आपण आपणहून सोडून देऊ."

मला एकदम हलकं वाटलं. मी दीड वर्ष देवाला विचारत होते, आणि उत्तर इन्कम टॅक्समधून आलं. दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच बघितलं.

*

शेवटची सही राहिली गिरजाबाईची. गिरजाबाई आमच्या कार्यालयात लग्नाची भांडी घासते. गावाच्या टोकाला मातीच्या चार भिंती, त्यावर आमचे तीन पत्रे. उत्तर पाठवायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, म्हणून हेही बरोबर आले. खाली बसता येईना, तर तिनं पालथं घमेलं दिलं.

कागदावर मॅडमनं टाईप करून दिलं होतं की हे पत्रे जुने आणि निकामी झाल्यानं कार्यालयानं काढले व मला दिले. मी वाचून दाखवलं. गिरजाबाईचा अंगठा शाईला लागलेला होता. तो तिनं मागं घेतला.

"निकामी म्हंजी?"

ह्यांनी सांगितलं, म्हणजे कामाचे नाहीत असे.

ती वर बघायला लागली. आत पाळण्यात तिच्या लेकीचं बाळ झोपलेलं. "गेल्या पावसाळ्यात माझी लेक ह्याच्याखाली बाळंत झाली, काकी. एक थेंब आत आला न्हाई. त्याला मी निकामी म्हणू? मला न्हाई जमायचं."

मी समजावलं की कागदापुरतंच आहे. हेही समजावून थकले. मुदत उद्याची, तेवढ्या एका अंगठ्यावाचून सगळं अडलेलं. मी सांगितलं, ह्यांच्या गुडघ्याचा प्रश्न आहे गं. तिनं गुडघ्याकडं बघितलं, डोळे भरून आले तिचे. पण अंगठा पुढं येईना.

"तुमच्यासाठी जीव देईन, मालक. पण एकदा निकामी लिवून दिलं की उद्या कुणीबी येऊन उचलून न्यायला मोकळं."

ह्यांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि त्या शब्दावर आडवी रेघ ओढली. वर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: कार्यालयातून काढलेले, गिरजाबाईच्या कामी आलेले. मी मॅडमला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "राहू द्या काकू. खरं तेच आहे."

गिरजाबाईनं अंगठा दिला. खोडलेल्या शब्दावरही एक दिला, पक्कं व्हावं म्हणून.

*

आठ-दहा आठवड्यांनी मॅडमचा फोन आला. आपण सोडलेले दोन पत्रे सोडून छताचा सगळा खर्च मान्य झाला होता. एफडी वाचली. नांदेडची तारीख ह्यांनी त्याच दिवशी फोनवर पक्की केली, आणि म्हणाले, आधी गिरजाबाईला सांगून येऊ.

भाऊजींनी टेम्पो काढला. मागं काय टाकलंय ते आम्हाला सांगितलं नाही. माझं गुडघ्याच्या नादात लक्षच नव्हतं. रस्त्यात लोखंड वाजत होतं, मला वाटलं टेम्पोच वाजतोय.

गिरजाबाईच्या दारात टेम्पो थांबला. भाऊजी उतरले, आधी शिडी काढली, आणि तिच्या भिंतीला लावली.

ती बाहेर आली. शिडीकडं बघितलं, भाऊजींकडं बघितलं. मग हात उंच करून पत्र्याची कड धरून उभी राहिली.

"आंगठा दिला तवाच कळालं हुतं मला," ती म्हणाली. "न्या. पर बाळाला तेवढं बाहीर घेऊ द्या."

हे काठीवर पुढं झाले आणि तिथंच थांबले. भाऊजींनी मान खाली घालून टेम्पोचा दोर सोडला. आतून दोन पत्रे निघाले, काजळीनं काळे झालेले, वर तीन तीन पट्ट्या. चुलाणावरचे. तिची चूल आडव्या भिंतीपलीकडं उघड्यावरच होती. भाऊजी शिडी चढले आणि त्यांनी पहिला पत्रा तिथं वर सरकवला.

गिरजाबाईनं कड सोडली. वर बघितलं, टेम्पोकडं बघितलं, बोटांवर पत्रे मोजले. पाच झाले. ती आत गेली, आणि थोड्या वेळानं चार कप घेऊन आली.

तोवर भाऊजींनी दुसरा पत्राही चढवला होता. मी कप तोंडाला लावला. साखर जरा जास्तच होती.

तुमच्याकडंही कधी जुनं छत उतरलं, तर तुम्हीही एवढं करा. खूण करा, फोटो काढून ठेवा, ज्याच्या डोक्यावर नाही त्याला द्या. फक्त शिडी घेऊन जायच्या आधी निरोप तेवढा पाठवा.